वहीला हात लावू नका, कार्डं मात्र पुन्हा लिहा

प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारी बडोद्याचीच आहे, इतिहासात पीएच.डी. करते. विषय आहे गायकवाडी राज्यातली वाचनालयं आणि त्यांचा मराठी वाचक. काही वर्षांच्या वह्या साठल्यात, नोंदींच्या कार्डांनी चपलांची खोकी भरलीत. आता विभागात सादरीकरण आलंय. तिला नेहमीसारख्या स्लाइडी करून "उद्दिष्टे, व्याप्ती, निष्कर्ष" असं वाचून दाखवायचं नाही. तिला वह्या आणि कार्डंच लोकांपुढे ठेवायची आहेत, म्हणजे कुठलं विधान कुठून आलं ते ऐकणाऱ्याला स्वतः बघता येईल. मार्गदर्शक म्हणतात, "हा कच्चा माल झाला. तो कुणी दाखवतं का?" तेव्हा असं करता येतं का, आणि करायचं तर कसं, असं ती विचारते.

करता येतं. आणि बडोद्यात तर ते करावंच, कारण इथले कागद मराठी, गुजराती, इंग्रजी अशा तीन भाषांत आणि मोडीसकट तीन-चार लिप्यांत पसरलेले आहेत. नुसता निष्कर्ष ऐकून कुणाला काही ताडून पाहता येत नाही. माझं आयुष्य जुन्या कागदांचं संपादन करण्यात आणि पुढे विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासण्यात गेलं. त्यावरून एवढंच सांगतो: वही दाखवायची ती जशीच्या तशी, खाडाखोडीसकट. कार्ड दाखवायचं ते मात्र पुन्हा लिहून. लोक नेमकं उलटं करतात. सादरीकरण जवळ आलं की वही सुवाच्य अक्षरात उतरवून काढतात, आणि कार्डं खोक्यातून काढून तशीच टेबलावर पसरतात. वही अशी उतरवली की तिची साक्ष संपते. आणि न बदललेलं कार्ड तुमच्याखेरीज कुणालाच वाचता येत नाही.

मार्गदर्शकांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, तेही सांगून टाकतो. निक्लास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाचं नाव हल्ली कार्डांच्या प्रत्येक चर्चेत येतं. सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांची पेटी त्यांनी मागे ठेवली, आणि ती आता बीलेफेल्ड विद्यापीठाकडे आहे. लोक ती पेटी बघायला येत. लुमाननी एका चिठ्ठीवर लिहून ठेवलंय की येणाऱ्यांना सगळं दिसतं आणि तरी ते निराश होऊन जातात. त्यात नवल नाही. ती पेटी एका माणसाने स्वतःशी बोलण्यासाठी केलेली होती. लोकांशी बोलायला त्यांनी पुस्तकं लिहिली. तुम्हाला पेटीच लोकांपुढे ठेवायची असेल तर त्यातली कार्डं लोकांशी बोलणारी करावी लागतील. मेहनत आहे ती तिथे.

आधी वही.

संशोधनाची वही म्हणजे तारीखवार घडलेलं. आज कुठे गेलो, कुठलं बासन (कागदांचं गाठोडं) सोडलं, काय वाचलं, काय वाटलं. पानांना क्रमांक असावेत, पान फाडू नये, चुकलेलं एका रेघेने खोडावं म्हणजे खालचं वाचता येतं. हे सगळं तुम्हाला माहीत असेल. बहुतेकांच्या वहीत नसते ती गोष्ट म्हणजे परिच्छेद क्रमांक. मायकेल फॅरडेने १८३२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या प्रयोगांच्या रोजनिशीत प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यायला सुरुवात केली आणि तो एकच क्रम तहहयात चालवला. शेवटचा क्रमांक १६,०४१ आहे. विजेवरचे त्याचे छापील लेखही असेच क्रमांकित परिच्छेदांचे आहेत, एका लेखातून दुसऱ्या लेखात तोच क्रम पुढे चालतो. त्यामुळे "मागे अमुक क्रमांकात सांगितलं तसं" असं तो दोन शब्दांत लिहून मोकळा होई. हा माणूस बुकबाइंडरकडे उमेदवारी करून वर आलेला, वहीची शिस्त त्याच्या हातातच असणार.

तुमच्या वह्यांना क्रमांक नसतील तर आजच घाला. शिसपेन्सिलीने, समासात, पहिल्या वहीपासून सलग. मूळ शाईच्या मजकुराला धक्का लावायचा नाही. आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा की क्रमांक नंतर, अमुक महिन्यात घातले. वहीत मागाहून केलेलं काहीही मागाहून केलेलं म्हणून दिसलं पाहिजे.

सादरीकरणात वहीतलं काय दाखवायचं? पहिली ओढ असते ती "सापडलं!" असं लिहिलेल्या पानांची. ती दाखवाच. पण माझ्या मते काही न सापडल्याची पानं त्याहून मोलाची असतात. अमुक वर्षांचे अहवाल चाळले, मराठी वाचकांचे आकडे वेगळे दिलेले नाहीत. अमुक घरी गेले, पत्रं वाळवीने खाल्लेली. ही माहिती कुठल्याच प्रबंधात छापली जात नाही, आणि म्हणून तुमच्यानंतर येणारा पोरगा तेच अहवाल पुन्हा पहिल्यापासून चाळतो. वहीची अशी पानं स्कॅन करून एकत्र बांधा आणि टेबलाच्या कोपऱ्यात ठेवा. कुणी बघणार नाही असं वाटेल. याच विषयात काम करणारा एक जरी माणूस खोलीत असला तरी तो आधी तिथेच जाईल.

आता कार्डांकडे येतो. तुम्ही प्रश्नाबरोबर काही कार्डांचे फोटो पाठवलेत. त्यातलं एक घेतो, बडोद्याजवळच्या पादरा गावाकडच्या पत्राचं. त्यावर एवढंच आहे: "फिरती वाचनालयं – पादऱ्याकडचं पत्र. आषाढ १९६७. फार महत्त्वाचं!! बोर्डनच्या आधी?? व. ३."

तुम्हाला हे कार्ड पाहताच सगळं आठवत असणार. मला त्यातून काय कळलं ते सांगतो: काहीही नाही. कुणाचं पत्र, कुणाला, कुठल्या लिपीत, त्यात लिहिलंय काय, आणि महत्त्वाचं ते कशासाठी, यातलं काहीच कार्डावर नाही. शीर्षक आहे "फिरती वाचनालयं". हा विषय झाला, याला कुणी हो म्हणू शकत नाही की नाही. कार्डाच्या डोक्यावर पूर्ण वाक्य हवं, क्रियापद असलेलं, ज्याच्याशी समोरच्याला भांडता येईल.

तुमच्या वहीतल्या पानाच्या फोटोवरून ते कार्ड मी असं लिहीन:

"११७. १९११ च्या पावसाळ्यात पादऱ्याकडच्या एका गावी पुस्तकांची पेटी पोचलेली होती.

आधार: खाजगी पत्र, मोडी, एक बंद. लिहिणारा त्या गावी नेमलेला मराठी कारकून, पत्र बडोद्यातल्या भावाला. वही ३, परिच्छेद २१४.

मूळ: 'पेटी येऊन पावली. बुके मास्तरांचे घरी ठेविली आहेत.'

मिती: आषाढ, संवत १९६७. संवत कार्तिकादि धरला आहे. चैत्रादि धरल्यास १९१०.

माझं मत: पेटी सरकारी ग्रंथालय खात्याची असावी. पत्रात तसं म्हटलेलं नाही.

याच्या विरुद्ध: कार्ड १२२."

बघा, कार्ड लांबलं, पण आता ते एकटं उभं राहतं. खोलीतल्या कुणीही हातात घेतलं तरी तुम्ही शेजारी असायची गरज नाही.

यातल्या मितीच्या ओळीवर जरा थांबतो, कारण तुमच्या विषयात निम्मे घोटाळे तिथेच होणार. गुजरातेत विक्रम संवत दिवाळीनंतर, कार्तिकात बदलतो. उत्तरेत तो चैत्रात बदलतो. तेव्हा आषाढ १९६७ म्हणजे गुजराती रिवाजाने १९११ चा पावसाळा आणि उत्तरेकडच्या रिवाजाने १९१० चा. एरवी एका वर्षाने काय बिघडतं म्हणावं, पण इथे सगळंच बिघडतं. सयाजीरावांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणलं १९१० मध्ये. ग्रंथालय खातं त्याच्या हाताखाली उभं राहिलं आणि १९१३ मध्ये तो परत गेला. पत्र १९११ चं असेल तर ती पेटी खात्याची असणं सहज शक्य आहे. पत्र १९१० चं निघालं तर पेटी खात्याच्याही आधीची ठरते, आणि मग ती कुणाची हा खरा प्रश्न. मोतीभाई अमीन यांच्या मित्रमंडळांनी १९०६ पासून गावोगाव वाचनालयं काढायला सुरुवात केली होती, तो धागा आधी बघावा लागेल. तुमच्या मूळ कार्डावरच्या "बोर्डनच्या आधी??" या दोन शब्दांत हे सगळं दडलेलं होतं. ते उलगडून लिहिल्याशिवाय श्रोता तुमच्याबरोबर तर्क करणार कसा?

म्हणून नियम असा ठेवा: कागदावर जी मिती असेल ती तशीच उतरवायची, इसवी सन दुसऱ्या ओळीत, आणि कुठल्या पद्धतीने काढला तेही. मराठी माणूस शक लिहील, गुजराती संवत लिहील, आणि इथे राहिलेला मराठी माणूस कधी हे, कधी ते. राज्याच्या वार्षिक प्रशासन अहवालाचं वर्ष ऑगस्ट ते जुलै असतं, हेही विसरू नका. "१९१०-११ च्या अहवालात" म्हटलं की नुसतं १९११ लिहायचा मोह होतो. मागे पेशवाईपर्यंत जाणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: सुहूर सन अरबी शब्दांत असतो आणि वर्ष मृगाला बदलतं. "सलास सबैन मया व अल्फ" म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७७२-७३. कार्डावर आधी ते शब्द, मग बेरीज. नुसतं "१७७२" लिहिलेल्या कार्डावर मी विश्वास ठेवत नाही.

मूळ शब्द आणि माझं मत या दोन ओळी वेगळ्या ठेवल्यात, तेही मुद्दाम. वहीत त्यांची सरमिसळ चालते, कारण वहीत आपण विचार करत असतो. कार्डावर ती चालत नाही. मी विद्यार्थ्यांना दोन शाया वापरायला सांगत असे: कागदाचे शब्द काळ्या शाईत, आपले निळ्या. संगणकावर टाइप करणार असाल तर निदान ओळीच्या आधी लेबल असू द्या. आणि मूळ शब्द मूळ भाषेतच. गुजराती मजकूर मराठीत सांगायचा असेल तर आधी गुजराती वाक्य, खाली मराठी. बडोद्याहून १९१२ पासून निघालेलं 'लायब्ररी मिसेलनी' हे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असायचं. त्यातून घेतलेल्या नोंदीवर कुठल्या भाषेच्या विभागातून घेतली हे नसेल तर ती नोंद अर्धवट आहे. "आज्ञापत्रिके"तून, म्हणजे बडोदे राज्याच्या सरकारी गॅझेटातून, उतरवताना कचेरीचा शब्द बदलू नका, आज तो कितीही परका वाटो.

एका कार्डावर एकच विधान, हे सगळेच सांगतात. पण एक विधान म्हणजे केवढं, हे कुणी सांगत नाही. माझी कसोटी अशी: हे विधान खोटं ठरलं तर कार्डावरचं सगळं एकदम बाद व्हायला हवं. अर्धं कार्ड शिल्लक राहत असेल तर ती दोन कार्डं आहेत. वरच्या उदाहरणात "पेटी पोचली" आणि "पेटी खात्याची होती" ही खरं तर दोन विधानं झाली. तुमच्याकडे दुसऱ्यासाठी आणखी पुरावा आला की ते कार्ड वेगळं करा. तोवर "माझं मत" म्हणून राहू द्या.

या शिस्तीने केवढं काम उभं राहतं याचं आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं. डेक्कन कॉलेजात संस्कृत महाकोशाचं काम १९४८ मध्ये सुरू झालं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द काढून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो जिथे आला ते वाक्य, आणि ग्रंथातला पत्ता. छापील कोशाचा पहिला भाग बाहेर पडला १९७६ मध्ये. ज्यांनी सुरुवातीच्या चिठ्ठ्या लिहिल्या त्यांतले सगळे काही तो भाग बघायला तिथे नव्हते. तरी काम अडलं नाही, कारण चिठ्ठी लिहिणाऱ्याला विचारायला जावं लागेल असं त्या चिठ्ठीत काही नसतंच.

क्रमांकाबद्दल. लोक कार्डाच्या क्रमांकात विषय कोंबतात: "वा-फि-३", वाचनालय-फिरती-तीन. दोन वर्षांनी विषयाची विभागणी बदलते आणि क्रमांक खोटे बोलायला लागतात. क्रमांक हा नुसता पत्ता असावा, त्याला अर्थ नसावा. एक, दोन, तीन, जसं लिहाल तसं. एखाद्या कार्डाला मागाहून जोड द्यावी लागली तर ११७क. तेवढं पुरे. विषय लावायचे असतील ते कार्डाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहा, हवे तेवढे.

आकाराचं विचारलंत म्हणून: तीन बाय पाच इंच, म्हणजे ग्रंथालयाच्या तालिकेतल्या कार्डाएवढं, स्वतःच्या वापरासाठी उत्तम. सादरीकरणात मात्र ते फार लहान पडतं, दोन माणसं वाकली की तिसऱ्याला दिसत नाही. पाच बाय आठ घ्या. जाडसर कागद कापून आणा, तयार पाकिटांच्या मागे लागू नका. गुळगुळीत कागद टाळा, त्यावर पेन्सिल चालत नाही, आणि पेन्सिल लागणार आहे.

आता टेबल. सगळी कार्डं मांडू नका. चाळीसच्या वर गेलात की माणसं वाचायची थांबून नुसती बघायला लागतात. तुमच्या मुख्य म्हणण्याची एक ओळ निवडा, दहा-बारा कार्डांची, आणि ती डावीकडून उजवीकडे मांडा. या रांगेतल्या प्रत्येक कार्डाखाली त्याला आधार देणारी एक-दोन कार्डं, आणि विरुद्ध जाणारं असेल तर तेही तिथेच, लपवून नाही. क्रमांक १२२ चं विरुद्ध कार्ड ११७ च्या शेजारी असलंच पाहिजे. समोरच्याने ते खोक्यातून शोधून काढलं तर तुमची फजिती, तुम्हीच मांडलेलं असलं तर तुमची पत वाढते. रांगेतल्या दोन कार्डांमध्ये अंतर पडतं तिथे छोट्या रंगीत चिठ्ठीवर लिहा: "इथून पुढे अंदाज", "इथे पाच वर्षांचे कागद नाहीत". अशा जोडचिठ्ठ्या लिहिताना तुमचं तुम्हालाच कळतं की कुठे पूल आहे आणि कुठे नुसती उडी मारली आहे. बऱ्याच जणांचं एक अख्खं प्रकरण याच वेळी कोसळतं. सादरीकरणाच्या आधी कोसळलेलं बरं.

बोलताना रांगेवरून चालत जा, पण दोनदा थांबा आणि समोरच्या कुणालाही एक कार्ड उचलायला सांगा. ते कार्ड, त्यावरचा वहीचा पत्ता, वहीचं ते पान, आणि तिथून मूळ कागदाचा फोटो, असा पूर्ण प्रवास लोकांसमोर करून दाखवा. दोनदाच, तिसऱ्यांदा कंटाळा येतो. हा प्रवास एकदा डोळ्यांनी पाहिला की श्रोत्यांचे प्रश्न बदलतात. "हे कशावरून?" असं कुणी विचारत नाही, "त्याच बासनात अजून काय होतं?" असं विचारतात. तुम्हाला हवेत ते हेच प्रश्न.

कच्चा माल दाखवायचा नसतो म्हणणाऱ्यांना मी आपल्याच गावचं उदाहरण देतो. प्राच्यविद्यामंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सात कांडांत काढली. त्याचं कुठलंही पान उघडा. वर संपादकाने स्वीकारलेला पाठ, चार-दोन श्लोक. खाली बारीक टाइपात पाठभेद: कुठल्या हस्तलिखितात कुठला शब्द आहे, कुठे ओळ गळली, कुठे जादा श्लोक आले. कितीतरी पानांवर खालचा मजकूर वरच्यापेक्षा जास्त आहे. संपादक वाचकाला सांगतो, मी हे निवडलं, आणि जे निवडलं नाही ते हे इथे आहे, तुम्हाला पटत नसेल तर बदला. हा माल कच्चा म्हणायचा? तो व्यवस्थित लावलेला आहे, संकेत ठरवलेले आहेत, प्रस्तावनेत त्यांची यादी आहे. तुमच्या टेबलावर नेमकं हेच व्हायला हवं: वरच्या रांगेत तुमचा पाठ, खाली भेद. तुमच्या मार्गदर्शकांना घेऊन एकदा तो ग्रंथ उघडून बसा, माझ्या उत्तरापेक्षा त्याचा उपयोग होईल.

दाखवायचं नाही असंही काही असतं. तुम्ही दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांतून पत्रं मिळवलीत, आजी-आजोबांशी बोललात. वहीत त्यांची नावं आहेत, घरातल्या भानगडी आहेत, कुणी रागाने काही बोललेलंही आहे. वही जशीच्या तशी म्हणालो याचा अर्थ प्रत्येक पान सगळ्यांपुढे असा नव्हे. मूळ वही तुमच्याकडे अखंड राहते. लोकांपुढे ठेवायच्या स्कॅनवर नाव झाका, आणि झाकलंय हे दिसेल असं काळ्या पट्टीने झाका. कार्डावर "बडोद्यातलं एक मराठी कुटुंब" पुरे. ज्यांनी पत्रं दिली त्यांना ते कार्ड आधी दाखवून विचारा. बहुतेक लोक हो म्हणतात. काही म्हणतात, "आमचं नाव घाला की!" तर घाला.

संगणकाचं थोडक्यात. कार्डं टाइप करायची असतील तर प्रत्येक कार्डाची एक साधी टेक्स्ट फाइल, नावात क्रमांक. ऑब्सिडियन वगैरे नोंदींचं सॉफ्टवेअर अशाच फाइली दाखवतं, ते उद्या बंद पडलं तरी फाइली उरतात. ग्रंथांचे तपशील झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरात ठेवा. सॉफ्टवेअर निवडण्यात एका रविवारपेक्षा जास्त वेळ घालवू नका. मी हुशार मुलं महिनेच्या महिने नोंदींची व्यवस्था सजवताना पाहिलीत, नोंदी मात्र तेवढ्याच.

तुमच्याकडे वाचनालयांच्या अहवालांतले आकडे आहेत, आणि ते तुम्ही ज्युपिटर नोटबुकात (आकडेमोडीचा प्रोग्राम आणि त्याचा निकाल कप्प्याकप्प्याने एकत्र ठेवणाऱ्या फाइलीत) घातलेत, त्याबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. नाव नोटबुक असलं तरी कागदी वहीचा मुख्य गुण त्याच्यात नाही. कागदी वहीत खालचं पान वरच्याच्या आधी लिहिता येत नाही. ज्युपिटरमध्ये पाचवा कप्पा आधी चालवून मग दुसरा बदलता येतो, आणि पडद्यावर जुनाच निकाल दिसत राहतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत गिटहब या प्रोग्राम ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या १४ लाख नोटबुकांचा अभ्यास झाला. चालवून पाहिलेल्यांपैकी जेमतेम पाव हिस्सा विनातक्रार चालला, आणि मुळातलाच निकाल पुन्हा आला तो शंभरात चारांचा. म्हणून दाखवण्याआधी सगळं पुसून वरपासून खालपर्यंत एकदा सलग चालवा. मेन्यूत त्याची सोय आहे. त्यात जो आकडा येईल तोच कार्डावर लिहा. आणि त्या कार्डाचा पत्ता नुसतं "नोटबुक" असा नको: फाइलचं नाव, तारीख आणि अहवालाचं पान. "वाचक वाढले" अशा कार्डाला आलेखाचं चित्र चिकटवलंत तर आलेखाखाली मूळ आकडेही लिहा. कुठल्या वर्षाचा अहवाल मिळाला नाही तर तिथे रेघ तुटलेली दाखवा, जोडून टाकू नका.

राहिला प्रबंध. विद्यापीठाला बांधलेली प्रत हवी आणि ती द्यावीच लागेल, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. प्रबंध कार्डांच्या रांगेवरूनच लिहा. जोडचिठ्ठ्या जिथे आहेत तिथे तुमची स्वतःची वाक्यं लागतील, बाकीचं कार्डांवर जवळजवळ लिहिलेलंच आहे. तळटिपेत नेहमीप्रमाणे कागदाचा संदर्भ द्या आणि त्यापुढे कंसात कार्डाचा क्रमांक, एवढंच जास्तीचं. परीक्षकाला तो क्रमांक दिसला तर तो कदाचित विचारेल हे काय आहे. मग तोंडी परीक्षेला खोकं बरोबर घेऊन जा. सादरीकरणाला किती कार्डं पुन्हा लिहून होतील याची काळजी वाटत असेल तर मुख्य रांगेपासून सुरुवात करा, आणि त्यातही ११७ आणि १२२ आधी. त्या पत्राचं साल पक्कं झाल्याशिवाय पुढची रांग लावताच येणार नाही. तुमच्या फोटोत पत्राच्या पाठीमागची बाजू दिसत नाही. पाठीवर पोस्टाचा शिक्का असेल तर आधी तो भिंग लावून वाचा, त्यावर इसवी सन असतो.